पिल्लू आधी

बोटीवर चढल्यापासून मी प्रीताच्या जॅकेटचं हूड मुठीत धरून उभी होते. वेस्ट विंडसरहून सहा तास ड्राइव्ह करून आम्ही देवमासे बघायला प्रॉव्हिन्सटाउनला आलो होतो.

"सोड ना तिला, यार," माझा नवरा विक्रम म्हणाला. "सहा वर्षांची आहे, पतंग नाही."

रेलिंगच्या दोन दांड्यांमधून ती सहज निसटू शकते, हे मी चढतानाच पाहून ठेवलं होतं.

तेवढ्यात कॅप्टनने बोट थांबवली. समोर एक मादी आणि तिचं पिल्लू वर आलं होतं. पिकल्या केसांची गाइड माइकवर सांगू लागली, की तिचे पणजोबा याच बंदरातून देवमासे मारायला जायचे. ते भाला आधी पिल्लाला मारत, कारण मग आई पळून जात नसे.

माझी मूठ आणखी आवळली गेली.

पिल्लू सरळ आमच्याकडेच येऊ लागलं. आई मध्ये येईल, त्याला वळवेल, म्हणून मी वाट पाहत राहिले. ती आली नाही.

"अगं, बोलाव त्याला मागे," मी पुटपुटले.

"मॉम, वी आर जस्ट लुकिंग," प्रीता म्हणाली.

पिल्लू बोटीखालून गेलं आणि पलीकडे वर आलं. सगळे तिकडे धावले. प्रीताने ओढ घेतली. मी हूड सोडलं, पण लगेच तिचा हात पकडला आणि तिच्यामागून धावले.