शेवटची ओळ राहून गेली

मी एक रिकामी जागा बोलतेय. लोणारमधल्या एका जुन्या संगणकाच्या डिस्कवर मी पडून असते. मला स्वॅप म्हणतात. घरात पाहुणे मावेनात की गाद्या-ट्रंका शेजारच्या ओसरीवर ठेवतात ना, तसं संगणकाची मेमरी भरली की तिचं सामान माझ्याकडे येतं, लागेल तेव्हा परत जातं. माझं काम एवढंच.

मला शेषरावांनी घडवलं, २००६च्या उन्हाळ्यात. ते भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. डॉक्टरेट मिळवलेली, तरी कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहायचे. तालुक्यातल्या दोनशे विहिरींची पाणीपातळी ते तेहतीस वर्षं मोजत होते. ते सगळे आकडे त्यांनी एकाच फाइलीत भरले होते, आणि ती उघडली की मशीन गोठायचं.

मग छापून आणलेल्या एका कागदावर बोट ठेवत, एकेक अक्षर पाहून त्यांनी काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिल्या. आधी एक गिगाबाइट नुसती शून्यं ओतली. तो माझा जन्म. मग माझ्यावर स्वॅपची खूण केली आणि 'स्वॅपऑन' लिहून मला कामाला लावलं. फाइल उघडली. त्यांचा विश्वास बसेना. बंद करून पुन्हा उघडली.

कागदावर आणखी एक ओळ होती. ती मशीनच्या यादीत लिहिली की मशीन सुरू होताना आपणहून मला बोलावतं. नाहीतर वीज गेली की मी पुन्हा नुसती पडून. त्या ओळीपुढे शेषरावांनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं.

ते भारनियमनाचे दिवस. वीज आली की ते आधी 'स्वॅपऑन' लिहायचे. त्यांची लेक सुलभा शाळेत शिकवायची. ती चिडवायची.

"बाबा, रोज काय मंत्र मारता त्याले? एकदाच टाकून द्या ना कायमचं."

"कायमचं नको बाई. एक अक्षर चुकलं तं मशीन उठनार नाही. तेहतीस वर्षं जातीन माही."

"मंग रोज लिहान?"

"हाव तवर लिहीन."

"अन् मंग?"

"पाहू उद्या," ते म्हणाले.

ते जाऊन पाच महिने झाले. पंचायतीला पिण्याच्या पाण्याची नवी विहीर खोदायची आहे. जागा बाबांच्या आकड्यांवरून ठरावी म्हणून सुलभाने ती फाइल चारदा उघडली. चारही वेळा मशीन घरघरलं, पडद्यावरचा बाण थिजला. मी इथेच होते, अख्खी एक गिगाबाइट. पण बोलावल्याशिवाय मला उठता येत नाही, आणि बाबांचा मंत्र तिला ठाऊक नव्हता.

आज दुरुस्तीवाले अर्जुनराव आले.

"ताई, सगळं पुसून नवं टाकून देतो. यात कामाचं काही हाय का?"

सुलभा म्हणाली, "बाबाची फाइल होती. खराब झाली असन. ते बी म्हनायचेच, माह्या आकड्यायचा काही भरोसा नाही म्हनून."

फाइल खराब नाही हो. पण हे सांगायला मला तोंड नाही.

कीबोर्डखाली बाबांचा तोच छापील कागद निघाला, घडी केलेला. मशीनचे पेच हरवू नयेत म्हणून अर्जुनरावांनी तो पसरून त्यावर ते काढून ठेवले. एक पेच नेमका शेवटच्या ओळीवर आहे.

पुसणं आता सुरू होईल. सुलभा, तो पेच उचल. खाली बाबांचं प्रश्नचिन्ह आहे. त्यांना माझी खात्री नव्हती की स्वतःची, ते मला कधीच कळलं नाही.