शेगडीला दम

शहरातले शेगड्या बसवणारे तिला तोंडावर ‘तपासनीस बाई’ म्हणत आणि तिची पाठ वळली की ‘नापासबाई’. तिला दोन्ही नावं ठाऊक होती. दुसरं जरा जास्त आवडायचं.

नियमच होता, घरात लाकडाची लोखंडी शेगडी बसवली की पेटवण्याआधी तपासणी कार्यालयाचा शिक्का हवा. भिंत शेगडीपासून किती लांब, शेगडीखाली फरशी आहे की तशीच लाकडी जमीन, धुराड्याचे पाइप एकमेकांत नीट बसलेत का, विषारी वायू झाला तर कोकलणारा भोंगा लावलाय का, सगळं बघायचं. इतर तपासनीस हे चहाचा कप खाली न ठेवता उरकत. ही बाई मात्र गुडघ्यावर बसायची, पाइपात कोपरापर्यंत हात घालायची, शिडी लावून छपरावर चढायची आणि काजळीने माखलेलं तोंड घेऊन खाली उतरून म्हणायची, "नापास."

त्यातही एका मिस्त्रीवर तिची खास मर्जी होती. त्याने बसवलेली शेगडी बघायची असली की त्या दिवशी तिला भूकसुद्धा जास्त लागायची. गेल्या दोन हिवाळ्यांत त्याची एकही शेगडी तिने पहिल्या खेपेला पास केली नव्हती, आणि गंमत अशी, की खोटी चूक एकदाही काढली नव्हती. कुठे पाइपाचं निमुळतं तोंड खाली हवं ते वर, म्हणजे काजळीचं पाणी सांध्यातून बाहेर ठिबकणार. कुठे धुराडं छपराच्या कण्याहून बुटकं, म्हणजे वारा फिरला की धूर परत घरात. खोटी चूक काढली तर तो बोंब मारून सुटेल, खऱ्या चुकीवर मात्र माणसाला धड ओरडताही येत नाही, हा तिचा हिशेब. मिस्त्रीची गिऱ्हाइकं गळायला लागली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तो चारचौघांत म्हणायचा. ते खरंच होतं. पण ती तिखट का झाली, हे तो सांगत नसे.

तीन वर्षांपूर्वी याच मिस्त्रीने तिच्या घरात शेगडी बसवली होती. तेव्हा ती तपासनीस नव्हती, कुणी नव्हती, एका घरची सून होती. त्या रात्री सासूला ताप होता म्हणून ती सासूजवळ आतल्या खोलीत झोपली. जाण्याआधी बाहेरच्या खोलीतल्या शेगडीत तिने शेवटचं लाकूड घातलं. धुराची वाट उघडबंद करणारी पाइपावरची झडप उघडी होती आणि तिने ती उघडीच ठेवली. नवरा तिथेच शेगडीपाशी पुस्तक वाचत पडला होता. सकाळी तो तसाच पडलेला होता, पुस्तक छातीवर, गाल लाल, जणू गाढ झोपलाय. झडप पूर्ण बंद होती. निखारे रात्रभर धुमसले आणि त्यांच्या वायूला जायला वाट नव्हती. भोंग्याचा नियम तेव्हा झालेला नव्हता.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने शेगडीभोवती एक फेरी मारली, घाम पुसला आणि म्हणाला, "शेगडी उत्तम आहे. झडप कुणीतरी लावली. शेवटचा हात कुणाचा?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी नाही लावली," ती म्हणाली. "यांनीच लावली असेल, उठून."

"मेलेल्या माणसावर ढकलतेस?" सासू म्हणाली.

आणि मिस्त्री म्हणाला, "नाही हो. तुमच्या मुलाला मी स्वतः समजावलं होतं झडप कशी वापरायची. तो नाही चुकायचा."

बस्स. तेवढ्या एका वाक्याने ती नवऱ्याला मारणारी बाई झाली. मिस्त्रीने ती शेगडी स्वतःच गाडी आणून उचलून नेली, पैसेही परत केले, आणि लोक म्हणाले, काय देवमाणूस आहे. सासू-सुनेला एकमेकींशिवाय दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दोघी एकाच छपराखाली राहिल्या. सासू उठता लाथ बसता बुक्की अशातली नव्हती. तसं असतं तर परवडलं असतं. ती साधं बोलायची. पाहुणे थंडीने हात चोळायला लागले की म्हणायची, "होती हो आमच्याकडे शेगडी. हिने झडप लावली." मग सुनेलाच चहा टाकायला सांगायची. सून चहा टाकायची आणि आधणाकडे बघत मिस्त्रीला मनात शिव्या घालायची. सासूला घालायची नाही, कारण सासूला निदान कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा खोटं बोलला होता, याची सुनेला खात्री होती. पुरावा मात्र तसूभर नव्हता. तो शोधायला ती हे काम शिकली, परीक्षा दिली, धुराड्यांत डोकं घालायला लागली. तिला एवढंच हवं होतं, की त्याने तिच्या सासूसमोर उभं राहून सांगावं, हिने लावली नाही.

आणि मग या हिवाळ्याच्या तोंडाला मिस्त्रीने स्वतःच्याच घरच्या शेगडीसाठी तपासणी मागितली.

त्याची मुलगी बाळंत होऊन माहेरी आलेली होती. बाहेरची खोली तान्ह्यासाठी ऊबदार हवी होती. कार्यालयातला साहेब म्हणाला, "दुसऱ्या कुणाला पाठवू का?" ती म्हणाली, "छे. घरचंच तर आहे." जाताना तिने बॅटरी, आरसा, मोजपट्टी आणि धुराची कांडी, सगळं नव्यासारखं पुसून घेतलं.

मिस्त्रीने दार उघडलं, तेव्हा त्याचा चेहरा दात उपटून घ्यायला आलेल्या माणसासारखा होता. "या बाई," तो म्हणाला. "जे काय आहे ते आत्ताच सांगा. बाळ आहे घरात."

ती गुडघ्यावर बसली.

भिंत लांब होती, वर जळणार नाही असा पत्राही ठोकलेला. फरशी शेगडीच्या दारापुढे चांगली हात-दीड हात आलेली. पाइप सगळे सुलटे. तिने धुराची कांडी पेटवून प्रत्येक सांध्याभोवती फिरवली, धूर कुठेच आत ओढला गेला नाही. छपरावर गेली. धुराडं उंच, वर टोपी, टोपीला पाखरांसाठी जाळी. खाली आली. लाकडं दोन एकमेकांवर आपटून पाहिली, खणखणीत वाजली. ओलं लाकूड असं वाजत नाही. राखेसाठी झाकणाचा लोखंडी डबा होता, तोही घराबाहेर. भोंगा होता, बटण दाबल्यावर त्याने कान फाडले आणि आत बाळ रडायला लागलं.

तिला अक्षरशः रडू फुटायची वेळ आली. एवढ्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदाच निर्दोष काम केलं होतं, आणि तेही आज.

शेवटी तिने झडप पाहिली. आतल्या लोखंडी चकतीला मधोमध अंगठा जाईल एवढं भोक होतं. म्हणजे झडप चुकून पूर्ण लागली तरी धुराला थोडी वाट राहणार. तिच्या घरच्या चकतीला भोक नव्हतं. तेव्हा नियमात नव्हतं आणि आजही नव्हतं.

"हे कधीपासून पाडता?" तिने विचारलं.

"पाडतो," मिस्त्री म्हणाला. त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

आता एकच गोष्ट उरली होती. जो शेगडी वापरणार, त्याने ती तपासनिसासमोर पेटवून, चालवून दाखवायची. मुलगी पुढे आली. मिस्त्रीची बायको बाळाला खांद्यावर थोपटत दारात उभी राहिली. मुलीने हवेचं दार उघडलं, झडप पूर्ण उघडली, जाड लाकडं खाली आणि बारीक काटक्या वर रचल्या, वरून पेटवलं. छान पेटलं. धूर आत यायचं नाव नाही.

"आणि झोपताना?" तपासनीस बाईने विचारलं.

मुलगी गोंधळली. "झोपताना… बाबा, झोपताना काय?"

मिस्त्री तोंड उघडणार तेवढ्यात दारातून बायकोच म्हणाली, "अगं, झोपताना दम द्यायचा. जन्मभर गिऱ्हाइकांना तेच तर सांगत आले हे."

"हां, दम!" मुलगी म्हणाली, हात वर नेला आणि झडप गपकन लावून टाकली.

"उघड!" मिस्त्री किंचाळला. एका ढांगेत त्याने खोली ओलांडली आणि झडप उघडली. "बंद नाही करायची! उघडायची!"

"मग दम कसला?" मुलगी घाबरून म्हणाली. "भाताला दम देतो तेव्हा झाकणच लावतो ना आपण?"

"अगं भाताचा दम वेगळा! शेगडीला दम म्हणजे श्वास! तिला श्वास घ्यायला…"

तो तिथेच थांबला. कारण तपासनीस बाई जमिनीवरून उठून उभी राहिली होती.

"चुकलंच माझं," बायको पुटपुटली. तिला वाटलं, नवरा आपल्यावर चिडला. "तो शब्द घरात काढायचा नाही म्हणून बजावलं होतं यांनी. तोंडातून गेला."

"कधी बजावलं होतं?" तपासनीस बाईने विचारलं.

"झाले की तीन हिवाळे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते या घरात तीन हिवाळे लख्ख पडलं होतं. तिने मिस्त्रीकडे पाहिलं. हा क्षण तिने हजारदा मनात घोळवला होता, आणि प्रत्येक वेळी त्यात ती ओरडत असे. आता आवाज चढलाच नाही.

"माझ्या नवऱ्याला काय सांगितलं होतंत?"

मिस्त्रीने मुलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती.

"हेच," तो म्हणाला. "झोपताना दम द्या म्हटलं. तो हसला. म्हणाला, ते येतं मला, भाताला रोज देतो. मला वाटलं, थट्टा करतोय. सकाळी झडप बंद दिसली तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन…"

"आणि तरी म्हणालात, तो नाही चुकायचा."

"माझा धंदा बुडाला असता हो बाई. घाबरलो मी."

"माझ्यावर ढकललंत."

"हो."

मुलीने आईच्या खांद्यावरून बाळ ओढून घेतलं आणि बापापासून दोन पावलं मागे सरकली. मिस्त्रीने ते पाहिलं. तपासनीस बाईनेही पाहिलं, आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

मिस्त्री हात जोडून म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते करतो. पण शिक्का अडवू नका. बाळासाठी."

तिने पिशवीतून शिक्का काढला, कागद शेगडीशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि ठप्प करून मारला. "पास. शेगडी चांगली आहे. तिचा याच्याशी संबंध नाही. आता चपला घाला."

"कुठे?"

"माझ्या घरी. सासूबाईंना सांगायला."

तो जागचा हलेना. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, जा," आणि ती ज्या आवाजात म्हणाली, त्यानंतर तिथे थांबणं त्याला शक्य नव्हतं.

गाडी ती चालवत होती. अर्ध्या वाटेत तिला एक गोष्ट कळली. नवऱ्याला भात करायला कुणी शिकवलं होतं? आईने. लहानपणापासून. ‘वर ताट ठेव रे आणि दम दे’, हे म्हातारीचं वाक्य तिने स्वतः घरात शंभरदा ऐकलं होतं. मिस्त्री आत जाऊन जे सांगणार, ते सुनेला सोडवेल, पण फिरून कुणाच्या अंगावर पडेल, हे तिला अगदी स्वच्छ दिसलं. पुढे वळण होतं. गाडी वळवता आली असती. दम हा शब्द गाळून मिस्त्रीला नुसतं ‘माझी चूक’ म्हणायला सांगता आलं असतं. तिने तसं काही केलं नाही. पाहुण्यांपुढचे सगळे चहा तिला आठवत होते.

सासू खुर्चीत बसून शिवत होती. मिस्त्रीला पाहून म्हणाली, "या या. बऱ्याच दिवसांनी." तिच्या लेखी तो अजून देवमाणूसच होता.

"उभ्यानेच सांगा," सून म्हणाली. "शब्दन्‌शब्द."

त्याने सांगितलं. दम म्हणालो, तो भाताचं म्हणाला, सकाळी मला कळलं, मी बोललो नाही. सांगताना तो एकदाही अडखळला नाही. म्हातारीची सुई थांबली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे त्यानेच लावली."

"हो."

"दम द्यायचा म्हणून."

"हो, आई," सून म्हणाली.

"दम मी शिकवला त्याला," म्हातारी म्हणाली. कुणी तिला सांगायची गरजच पडली नाही.

मिस्त्री दारापर्यंत मागे मागे गेला आणि बाहेर पडला. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. म्हातारी मांडीवरच्या कापडाकडे बघत बसली. मग मान वर न करता हळू आवाजात म्हणाली, "तूच लावली होतीस, हेच बरं होतं गं."

सुनेला तिची दया आली. ती म्हातारीजवळ जमिनीवर बसली आणि म्हातारीचा हात हातात घेतला. हात गार होता.

"नव्हती लावली मी," ती म्हणाली. "म्हणा, आई."

"आता कशाला…"

"म्हणा."

"नव्हती लावलीस तू," म्हातारी पुटपुटली.

सून उठली, रस्त्याकडची खिडकी सताड उघडली आणि परत येऊन तोच हात धरून बसली. शेजारच्या ओट्यावर दोन-तीन बायका नेहमीसारख्या बोलत होत्या.

"मोठ्याने," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा म्हणताना म्हातारीचा आवाज फाटला आणि बाहेरचं बोलणं थांबलं. सुनेने तिला तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.