एकशे अठरा गाड्या आणि मी

मी वही बोलतेय. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली, उभी दुमडून ठेवायची जळगावची वही. आणि आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको: मी मत्सरी आहे. जन्मापासून. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही झाला असतात.

आम्ही बारा बहिणी एकाच गठ्ठ्यातल्या. बासष्ट साली धनतेरसला डाळ मिलवाल्या इंदरचंद शेठनी आम्हाला घरी आणलं. अकरा जणींना पाटावर बसवलं, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, फुलं वाहिली आणि वाजतगाजत पेढीच्या गादीवर नेलं. बारावी मी, तशीच कोपऱ्यात राहिले.

तेवढ्यात शेठाणी सूरजबाई पुढं झाली. "ही मला द्या."

"तुम्हाला वही कशाला?" शेठ हसले.

"तुमच्या सवतींची नावं लिहायला!"

सवती म्हणजे गाड्या. चावीच्या, पत्र्याच्या, खेळण्यातल्या आगगाड्या. शेठना त्यांचं वेड. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले जुने अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर एकेक करून परदेशी निघाले होते. त्यातल्या एकानं जाताना आपल्या ट्रंकेतलं काळं इंजिन आणि चार डबे शेठच्या हवाली केले. तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. मुंबईच्या जुन्या बाजारातून डबे आले, मालाच्या वाघिणी आल्या, सिग्नल आले. पाचोऱ्याच्या सुताराकडून शेठनी जामनेरच्या छोट्या गाडीची लाकडी नक्कलसुद्धा करवून घेतली. माडीवर मोठं टेबल, टेबलावर रूळ. आंघोळ झाली की शेठ माडीवर, जेवण झालं की शेठ माडीवर.

आणि व्यवस्था? नावाला नाही. एकदा त्यांनी एका इंजिनाची चावी दुसऱ्याला लावली आणि कडकन आतली स्प्रिंगची कमान तोडली. लहान मूल गेल्यासारखे दोन दिवस तोंड पाडून बसले. सूरजबाईला गाड्यांचा राग होता, पण नवऱ्याचं पडलेलं तोंड तिला बघवेना. ती मला म्हणाली नाही, पण तिच्या बोटांतून मला कळलं, की सवतीला मोजून, नाव घालून, फळीवर बसवून ठेवलं की तिचा तोरा आपोआप उतरतो. बाई शहाणी.

सूरजबाई शाळेत एक दिवस गेली नव्हती. पोत्यांवरचे मार्के बघत आणि पुड्यांचे कागद सोडवत ती वाचायला शिकली. तिच्या अक्षराला डोक्यावर रेघ नाही, काना-मात्रा मनाला येईल तिथं. पण जे लिहिलं ते पक्कं. गाडीचा नंबर, कुठून आली, रंग, चाकं किती, काय मोडलंय, चावी कुठल्या पिशवीत, फळी कोणती. मग तोच नंबर चिठ्ठीवर लिहून पिठाच्या खळीनं डब्याच्या पोटाला चिकटवायचा. मिलमध्ये डाळीचे नमुने मांडतात तशा तिनं गाड्या मांडल्या.

माझ्या पहिल्या पानावर तिनं एक नियम लिहिला: "शून्याचा नंबर गाडीला देणे नाही." दहा नाही, वीस नाही, तीस नाही. नवाच्या पुढं थेट अकरा. आहेर आपण एकवीसचा करतो, एक्कावन्नचा करतो. शून्यावर गोष्ट थांबते, पुढं एक ठेवला की चालू राहते. गाडी तर चालणारी वस्तू, तिला थांबायचा आकडा कसा द्यायचा? हे तिचं शास्त्र. मला पटलं.

गाड्या मात्र मला कधी पटल्या नाहीत. विशेषतः नंबर एक, ती भुसावळची काळी! दर रविवारी सकाळी गुंताबाई यायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, मिलमध्ये डाळ निवडायला बसणारी. खडा असा टिपायची की चाळणीनं लाजावं. ती बोटं बघूनच सूरजबाईनं तिला गाड्या पुसायला बोलावलं. काळीला शिवणयंत्राचं तेल, जुन्या धोतराची मऊ चिंधी, चाकाच्या सांध्यात कापसाची वात. आणि मला काय? पान उलटायला थुंकी लावलेलं बोट. काळीच्या अंगावरची एक खरड मीच लिहून ठेवायची, माझा कोपरा दुमडला तर तो कुठं लिहायचा? सगळ्यांना नंबर होता. मला नव्हता.

नऊ वर्षं अशी गेली. एकाहत्तर साली शेवटचा नंबर होता एकशे एकतीस.

त्या उन्हाळ्यात थोरली लेक लाडकुंवर हिच्या बाळंतपणासाठी सूरजबाई सव्वा महिना धुळ्याला गेली. आणि पुण्याहून कॉलेज संपवून मुलगा सुरेशचंद घरी आला. रिकामा आला असता तर बरं. हातात हिरव्या पत्र्याची पेटी घेऊन आला. पेटीत कोरी कार्डं, पिवळी इंजिनांना, गुलाबी डब्यांना. झाकण उघडलं की कार्डं अशी उभी राहायची, जशा लग्नात करवल्या. मी बघताक्षणी ओळखलं, ही माझी सवत.

सुरेशनं मला उघडलं, दोन पानं बघितली आणि हसला. "बाबूजी, ही वही की कावळ्याचे पाय? बाईचं अक्षर बाईच जाणे. मी सगळं नव्यानं करतो, इंग्रजीत." आईला तो बाई म्हणायचा.

शेठ म्हणाले, "कर. पण वही नीट ठेव हो."

नीट? टेबलाचा एक पाय आखूड होता. त्यानं मला दुमडून त्या पायाखाली सारली. नऊ वर्षं ज्यांची नावं मी पोटात सांभाळली, त्या माझ्या डोक्यावरून खडखडत फिरायला लागल्या. काळी तर मुद्दाम हळू जायची, असं मला वाटे.

सुरेशनं शेवटची चिठ्ठी बघितली. एकशे एकतीस. त्यानं एकशे एकतीस कार्डांवर आधीच नंबर घातले आणि मग एकेक गाडी उलटी करून कार्ड भरलं. चार दिवसांनी सगळ्या फळ्या संपल्या. तेरा कार्डं कोरी.

"बाबूजी, तेरा गाड्या गायब आहेत."

खरं सांगते, मला गंमत वाटली. पायाखाली चेंगरलेली मी मनातल्या मनात म्हटलं, विचार आता तुझ्या हिरव्या पेटीला!

पण माणसांची एक खोड असते. काही हरवलंय असं कुणी ठामपणे सांगितलं, की त्यांना ते आठवायला लागतं. शेठ डोळे मिटून बसले. "एक हिरवा डबा होता रे. खिडक्यांना पडदे होते त्याच्या."

"होता, होता!" सुरेश म्हणाला. "मी लहानपणी बघितलाय."

"आणि एक निळं इंजिन. त्याचं धुराडं जरा वाकडं."

संध्याकाळपर्यंत बापलेकांनी अकरा गाड्या आठवल्या. त्यातली एकही कधी या घरात आली नव्हती. मी ओरडले असते, पण वहीला तोंड उघडायला कुणाचं तरी बोट लागतं.

रविवारी गुंताबाई आली. सुरेश जिन्यातच उभा. "गुंताबाई, गाड्यांना हात तुझ्याशिवाय कुणाचा लागतो?"

"कोनाचाच नही, भाऊ."

"मग तेरा गाड्या कुठं गेल्या?"

ती आधी हसली. तिला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. मग त्याचं तोंड बघून हसू विरलं. "मी चोर शे का, भाऊ? माले आकडा येत नहीत, पन बठ्ठ्या गाड्या मी हात लाईसन वळखस. एक बी कमी नही."

"कार्डावर कमी आहेत."

"मंग त्या कार्डलेच इचार."

तिनं कमरेची तेलाची चिंधी काढली, कठड्यावर घडी करून ठेवली आणि उतरून गेली. सुरेशनं मिलच्या मुकादमाच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून डाळ निवडायच्या ओळीत तिची जागा रिकामी. बायकांनी तोंडाला पदर लावून एकमेकींना काय सांगितलं असेल, ते सांगायला नको. माडीवर गाड्यांवर धूळ बसली. माझी गंमत केव्हाच सरली होती. त्या बाईच्या निर्दोषपणाचा कागद माझ्याच पहिल्या पानावर होता आणि मी टेबलाचं ओझं घेऊन पडले होते.

सव्वा महिना झाला आणि सूरजबाई परतली. रविवार होता. पाय धुऊन ती आत आली आणि पहिलं विचारलं, "गुंता कुठंय?"

सुरेशनं सगळं सांगितलं. पेटी उघडून दाखवली. तिनं पेटीकडं बघितलंसुद्धा नाही. हे मला फार आवडलं.

"तेरा कोणते? वाच."

"दहा. वीस. तीस. चाळीस..."

"पुरे." ती जिन्याच्या पायरीवर बसली. "शहाण्या, बहिणीच्या बाळाच्या बारशाला आहेर किती पाठवलास?"

"एकशे एक."

"शंभर का नाही?"

शेठनी हळूच कपाळावर हात मारला. साऱ्या गोतात एकवीस, एक्कावन्न करत फिरणारी ही माणसं, पण आपल्याच घरातलं शून्य कुणाला दिसलं नव्हतं.

पण पुण्याला शिकलेलं डोकं ते. लगेच वाकत नाही. "बाई, हे तू आता तिला वाचवायला सांगते आहेस."

सूरजबाईचे डोळे असे झाले, की मला टेबलाखालीही ऊब लागली. "वही आण. नाही, थांब. आधी गुंताला बोलाव. तू स्वतः जा, गडी पाठवू नको. तिच्यावर बोट तिच्यासमोर ठेवलंस ना? वही तिच्यासमोरच उघडायची."

गुंताबाई आली. माडीच्या दारातच उभी राहिली, आत पाऊल टाकेना. सूरजबाईनं फळ्या बघितल्या, पेटीमागं बघितलं आणि मग तिची नजर खाली गेली.

"पायाखाली?" ती म्हणाली. एवढंच. "माझं लिहिलेलं पायाखाली?"

तिनं वाकून मला एका हिसक्यात ओढलं. टेबल कलंडलं. वरची काळी रूळ सोडून घरंगळत कडेकडं आली. मी हे सगळं बघत होते आणि कबूल करते, माझ्या मनात आलं, पड! एकदा पडून बघ!

गुंताबाईनं दारातून झेप घेतली. दोन्ही हातांनी पदर पसरला आणि काळी अलगद तिच्या ओच्यात आली. जिला चोर म्हटलं होतं तिनं. चाकं पदरातही फिरत होती. ती थांबेपर्यंत तिनं पदर हलवला नाही, आणि मग सवयीनं त्याच पदरानं काळीचं धुराडं पुसलं. तेव्हा माझी मलाच लाज वाटली. तेवढी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, पुढंही वाटली नाही.

"आता वाच," सूरजबाई मुलाला म्हणाली. "कावळ्याचे पाय वाच."

सुरेश माझ्यापुढं मांडी घालून बसला. बिनरेघेच्या अक्षरांवर बोट ठेवत, अडखळत, पहिलीतल्या पोरासारखं त्यानं आईचं अक्षर आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. "शून्याचा... नंबर... गाडीला... देणे नाही." मग पान उलटलं. नऊनंतर अकरा. एकोणीसनंतर एकवीस. शेवटपर्यंत वाचलं त्यानं. एकशे अठरा नोंदी, एकशे अठरा गाड्या. आणि हिरवा डबा? पडद्यांचा? शेठनी मान खाली घातली.

सुरेश उठून गुंताबाईच्या पायाला हात लावायला गेला. ती मागं सरली.

"माले माफी नको, भाऊ. तू बोलना ते बठ्ठी मिलमा गयं. आते जे खरं शे ते लिखी दे. आनि मिलमा सोताच वाची दाखाड."

सूरजबाईनं दौत पुढं केली, पण टाक मुलाच्या हातात दिला. "तू बोललास, तूच लिही. मराठीत."

त्यानं माझ्या पानावर लिहिलं, की एकशे अठरापैकी एकही गाडी गेलेली नाही, चूक माझी, गुंताबाई निर्दोष. खाली सही केली. शेजारी गुंताबाईनं अंगठा उठवला. शाई होती, पण बोटाला काळीचं तेलही होतं. त्या तेलाचा पिवळा डाग अजून पानाच्या मागून दिसतो. दुसऱ्या दिवशी सुरेशनं मला मिलमध्ये नेलं आणि डाळ निवडणाऱ्या साऱ्या बायकांपुढं, मुकादमासकट, मोठ्यानं वाचून दाखवलं. गुंताबाई आपल्या जागेवर बसली होती. तिनं मान वर केली नाही. नुसते खडे टिपत राहिली.

त्या संध्याकाळी सूरजबाईनं खळ कालवली, मला पालथं केलं आणि माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: एकशे बत्तीस. मला नंबर मिळाला. माझ्या अकरा बहिणींना कुंकू मिळालं होतं, पण नंबर नाही.

आता अठ्ठ्याहत्तर साल चालू आहे. शेठ थकलेत, पण काळीला रोज एक चावी देतात. सूरजबाईला बारीक दिसत नाही. ती सांगते आणि सुरेश लिहितो, माझ्यात आधी, कार्डावर नंतर. गाड्या एकशे एकोणचाळीसपर्यंत आल्यात. पुढं त्यांची वाटणी होईल, किंवा पाचोऱ्याच्या कुठल्या शाळेला जातील, असं कानावर येतं. जाऊ देत. माझी एकच विनवणी आहे: मोजायच्या आधी मला उघडा. अक्षर वाचता येत नसेल तर बोट ठेवून वाचा, लाजू नका. आणि काही कमी भरलं, तर माणसाकडं बघण्याआधी आपल्या मोजण्याकडं बघा.

आणि हो, ती हिरवी पेटी अजून फळीवर बसलेली असते. तिला नंबर नाही. परवा सुरेश म्हणत होता, पेटीलाही एक चिठ्ठी लावून टाकू. माझी काही हरकत नाही. मला विचारलंच कुणी, तर मी सांगेन, एकशे चाळीस द्या तिला.