चादरींच्या दुकानावरचा पहारेकरी

थोरल्या सूनबाईचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. भर सकाळी साडेअकराला तिनं मला माझ्याच दुकानाबाहेर काढलं, तेही मी खुर्चीत बसलेली असताना.

आमचं चादरींचं दुकान आता कंप्युटरवर चालतं. एका इस्पितळाची तीनशे चादरींची ऑर्डर बारापर्यंत मंजूर करायची होती, नाहीतर ती दुसऱ्याकडे गेली असती. मी एका बोटानं पासवर्ड टाकला. पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते ठिपके. एखादं अक्षर सुटलं असेल म्हणून न पुसता तोच पुढं पुन्हा टाकला. असं करून तीनदा बटण दाबलं आणि दुकान उघडेचना.

सूनबाई धावत आली. "आई, काय केलंत? माझंही उघडत नाहीये!"

"मी काय करणार? तुझ्या डब्यालाच माझं तोंड आवडत नाही."

मग कळलं. तिनं सर्व्हरच्या दारावर पहारेकरी बसवलाय, फायरवॉल म्हणतात त्याला. तीनदा चुकीचा पासवर्ड आला की तो इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावरून आला, तो पत्ताच तासभर बंद. आमच्या घरातल्या सगळ्या यंत्रांचा पत्ता एकच, म्हणून सगळ्यांनाच बंदी.

"तासभर? आणि इस्पितळ?"

तिनं मोबाईलचं इंटरनेट जोडलं. त्याचा पत्ता वेगळा. आत शिरून तिनं आधी ऑर्डर मंजूर केली. बाराला सात मिनिटं होती.

माझा जीव भांड्यात पडला, पण डोक्यातला किडा काही जाईना. "बंदीत आणखी कोण कोण आहे गं?"

तिनं यादी काढली. चारशे बारा पत्ते!

"एवढे सगळे एका तासात कडी वाजवतायत? आपल्या चादरींसाठी?"

"चादरी कुणाला हव्यात, आई! यंत्रंच आहेत ती. दिसेल ते दार ढकलून बघतात."

मी बोट ठेवत खाली गेले. सगळ्यात शेवटी, चोरांच्या रांगेत, आमचा पत्ता.

"थांबा, घरचा पत्ता कायमचा माफ करून टाकते."

"आणि उद्या घरातलंच यंत्र बिघडून दार ढकलायला लागलं तर?"

तिचं बोट थांबलं. "मग त्याला कुणी अडवणार नाही."

"मग माफी नको. बंदी उठव आणि पहारेकरी राहू दे. मालकिणीचीसुद्धा भीड ठेवत नाही, म्हणजे इमानी आहे. चूक तुझी, सूनबाई. त्याला दारावर बसवलंस आणि मला सांगितलं नाहीस. आता ठिपक्यांची अक्षरं कशी करायची ते दाखव, आणि दात काढू नकोस."