जमिनीची कडी

आधी मला उचलून बघा, मित्रांनो, मग बोलू. जड आहे ना? मी एक जुनी पहार आहे. एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार आणि मधे हात घासून घासून गुळगुळीत झालेली. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गहिवरायचे असते म्हणतात. मला ते जमत नाही. मी लोखंडाची आहे.

माझा जन्म भंगारातला. मोडलेल्या ट्रकच्या आसाचा तुकडा लोहाराने लाल होईपर्यंत तापवला, ठोकून लांब केला आणि पाण्यात बुडवला. तेव्हा मी अशी काही फुसफुसले, की शेजारी उभा असलेला तरुण मिस्त्री हसला.

"हिला राग फार दिसतोय."

"राग नसेल तर पहार कसली?" लोहार म्हणाला. "मग पडद्याचा दांडा घेऊन जा."

मिस्त्रींनी मला खांद्यावर टाकले. पुढची सगळी वर्षे मी त्यांच्या हातात काढली.

ते अंगणात आणि गल्लीत सिमेंटचे ब्लॉक बसवत. जमीन सारखी करायची, वर बारीक कच पसरायची, सुतळी ताणायची आणि एकाला एक भिडवत ब्लॉक ठोकत जायचे. माझे काम म्हणजे रुतलेला दगड उपटणे आणि वाकडी रांग रेटून सरळ करणे. लोक कौतुक करत. "मिस्त्री, चिखल गेला! चपला कशा कोऱ्या राहतात!" एकाचे पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने अंगण झाकून घेतले. शेवटी गल्लीही झाकली गेली.

पण मिस्त्रींची एक रीत होती. नळाकडच्या भिंतीपासून दुसरा ब्लॉक ते कधीच ठोकून बसवत नसत. तो नुसता अलगद ठेवायचा, आणि ठेवायचा मान त्यांच्या लेकीचा. शाळा सुटली की ती दप्तरासकट कामावर यायची. ब्लॉक दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणायची.

"बाबा, हा हलतोय."

"हलू दे. दाराला कडी असते ना? जमिनीलाही असावी. आपण बंद केलेलं उद्या कुणालातरी उघडता आलं पाहिजे."

कडी ठेवली, पण ती उघडायला कुणी आले नाही. पावसाचे पाणी मुरायला जागा शोधत फिरायचे आणि तळमजल्यावर शिंपीणबाईंच्या घरात शिरायचे. उन्हाळ्यात गल्ली तव्यासारखी तापायची. कोपऱ्यावरच्या चिंचेला लोकांनी अगदी बुंध्यापर्यंत ब्लॉक लावून घेतले होते. तिचे शेंडे वाळू लागले. "उघडायला हवं," मिस्त्री म्हणायचे. लोक म्हणायचे, "बघू." तोवर त्यांचे गुडघे गेले आणि मी दारामागे गेले. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला टेकवून ठेवत. एकदा तर माझ्यावर ओले मोजे वाळत घातले होते. मोजे, मित्रांनो! मी दगड उपटलेत.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. संध्याकाळ उलटली तरी त्यांच्या खोलीच्या भिंतीला हात लावता येत नव्हता. त्यांची ती लेक, आता साऱ्या गल्लीची ताई, ओली चादर पिळून त्यांच्या अंगावर घालत होती, आणि चादर बघता बघता सुकत होती. डॉक्टर म्हणाले, उकाडा सोसला नाही. ताईने चादर घडी करून ठेवली. बरेच दिवस ती त्या खोलीत आली नाही.

मग जिन्यात सूचना लागली. ब्लॉक जुने झाले आहेत, सबब त्यांवर काँक्रीटचा थर ओतण्यात येईल. सोमवारी गाडी येईल. झाड आपोआप वाळल्यास तेथे पार्किंग करता येईल.

रविवारी सकाळी ताई खोलीत आली. तिने माझ्यावरचे मोजे काढले, गंज पुसला आणि मला उचलले. जिथे मिस्त्री धरायचे, तिथेच तिचे हात पडले. ती क्षणभर थांबली. मग चालू लागली.

चिंचेजवळच्या नळापाशी पोचलो, तोच चेअरमन काका गाडीची किल्ली फिरवत आले.

"ताई, हे काय चाललंय? सोसायटीची मालमत्ता फोडतेस?"

"फोडत नाहीये काका. उघडतेय."

"अगं, तुझ्याच बाबांनी बसवलंय हे!"

"म्हणून तर निघतंय. उद्या तुम्ही ओताल, ते कुणाला काढता येणार नाही."

काका चटकन कडीच्या ब्लॉकवरच जाऊन उभे राहिले. हाताची घडी. ताईने मला बाजूला टेकवले आणि तीही उभी राहिली. दोघेही हलेनात. इतक्यात वरच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला.

"अहो, व्हा बाजूला! गाडी सावलीत लावायची म्हणून पहाटेपासून चिंचेखाली टपून बसता, आणि तिचाच गळा आवळताय?"

"मग गाडी लावू कुठे? तुझ्या डोक्यावर?"

"गल्लीच्या तोंडाशी लावा आणि तिथून चालत या. पोट बघा जरा."

सगळ्या खिडक्या हसल्या. काका लाल झाले, पण बाजूला झाले. "एकच ब्लॉक," ते बोट उगारून म्हणाले. "एकच!"

"एकच," ताई म्हणाली.

तिने माझे चपटे टोक फटीत घातले. फट धुळीने गच्च भरली होती. मी सरकेना. ताईने सगळे वजन माझ्यावर टाकले आणि मला मिस्त्रींचा तोच जुना रेटा जाणवला, खांद्यातून येणारा. मी वाकले नाही. कटकन आवाज झाला आणि ब्लॉक वर आला.

खाली चिंचेचे मूळ होते. फितीसारखे चपटे झालेले. ब्लॉकच्या कडेने काटकोनात वळले होते, पुन्हा वळले होते, वाट शोधत होते. शिंपीणबाईंनी बादलीभर पाणी आणून ओतले. पाणी जरा घुटमळले आणि खाली गेले.

"माझ्या घरात शिरायचं ते हेच ना?" बाई म्हणाल्या. "आता कसं मुकाट्यानं गेलं!"

त्या खाली बसल्या आणि शेजारचा ब्लॉक हातानेच उचलला. भिडवलेल्या ब्लॉकांचे असेच असते. एक निघाला की बाकीच्यांचा आधार सुटतो. दुपारपर्यंत चिंचेभोवती खाटेएवढी माती मोकळी झाली.

"एकच म्हणाली होतीस!" काका ओरडले.

"मी एकच काढला, काका."

सोमवारी काँक्रीटची गाडी आली आणि गल्लीच्या तोंडाशीच अडली. तिथे काकांची गाडी उभी होती, काकूंच्या हुकमावरून. ड्रायव्हरने हॉर्नवर हॉर्न मारला. काका आले, मोकळ्या मातीकडे त्यांनी एकवार पाहिले आणि म्हणाले, "किल्ली सापडत नाहीये."

किल्ली त्यांच्या मुठीत होती. मी पाहिली. थोड्या वेळाने ड्रायव्हर शिव्या देत निघून गेला.

चिंच वाचली, असे मी म्हणणार नाही. शेंडे अजून वाळलेलेच आहेत, आणि काँक्रीटवाले पुन्हा येतील. येऊ देत. रोज कुणीतरी दारात येते आणि विचारते, "ताई, आमची कडी कुठे?" ताई सांगते, "नळाकडच्या भिंतीपासून दुसरा," आणि मला पुढे करते.

तेव्हा मित्रांनो, जुनी झाले म्हणून मला तेल लावून कोपऱ्यात ठेवू नका. माझी निगा म्हणजे मला कामाला लावणे. चालताना पायाखाली एखादा ब्लॉक हलला, तर तो ठोकून घट्ट करू नका. त्याच्याखाली कुणीतरी वाट शोधत असेल. मला बोलवा. दोन हात लावा, आणि मोजे घरी ठेवा.