तीन हजार एकशे बारा नोंदी

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास सुरय्या शेखने 'आशा काळू भोये' हे नाव तिसऱ्यांदा टाइप केलं आणि तिसऱ्यांदाही पडद्यावर तेच वाक्य उमटलं: नोंद आढळली नाही.

सुरय्या नाशिकच्या एका विद्यापीठात अभिलेख अधिकारी होती. कुणाला नोकरी लागली की त्याची गुणपत्रिका खरी आहे का, हे विचारणारं पत्र तिच्या टेबलावर येई. नाव टाकायचं, नोंद उघडायची, गुण जुळवायचे, खाली सही करायची. एरवी दोन मिनिटांचं काम. हे पत्र पेठजवळच्या एका आश्रमशाळेचं होतं. आशा भोये तिथे अकरा वर्षं तासिकेवर शिकवत होती, आता तिला कायम करायचं होतं. बी.ए., २००९, बहिःस्थ विद्यार्थिनी, परीक्षा केंद्र पेठ. सोबत गुणपत्रिकेची झेरॉक्स होती. पडताळणीचं उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, मी आशा भोये बोलते, पेठहून. शाळेचं पत्र पोचलं का?"

"पोचलंय. तेच बघतेय."

"बघताय म्हंजे... सापडत नाय का?"

सुरय्याने उत्तर द्यायला क्षणभर जास्त वेळ घेतला. पलीकडे ते लक्षात आलं असावं.

"मॅडम, मागच्या वर्षी आमच्या इथल्या एका मास्तरांचा कागद खोटा निघाला होता. पोलीस आले होते शाळेत. तवापासून पडताळणीला वेळ लागला की लोक वेगळ्याच नजरेनं बघतात. माझा कागद खरा आहे हो."

"तुमचा कागद खरा आहे, मला दिसतंय ते," सुरय्या म्हणाली. "आमच्याकडे शोधायला थोडा वेळ लागेल. मी स्वतः फोन करते तुम्हाला."

फोन ठेवल्यावर तिने त्याच केंद्रावरचे पुढचे-मागचे बैठक क्रमांक टाकून पाहिले. नोंद आढळली नाही. सुरगाण्याचे टाकले. नाही. मग तिने कपाटातून त्या वर्षीचा छापील वार्षिक अहवाल काढला. परीक्षेला बसलेले एकूण विद्यार्थी चव्वेचाळीस हजार तीनशे अठरा. नव्या प्रणालीत त्या वर्षाच्या नोंदी होत्या एक्केचाळीस हजार दोनशे सहा. तिने वजाबाकी दोनदा केली. तीन हजार एकशे बारा माणसं कमी होती.

आणि कागदावर शोधायची सोयच नव्हती.

त्याला कारणही तसंच होतं. २००७ ते २०११ या काळात विद्यापीठाने निकालाची कागदी रजिस्टरं ठेवणं बंद केलं होतं. सगळं संगणकावर. मग तीन वर्षांपूर्वी जुन्या संगणकांवरच्या नोंदी नव्या प्रणालीत आणल्या गेल्या. त्या नीट आल्या का हे तपासायची जबाबदारी सुरय्याची होती. तिने पाचशे नावं निवडली, एकेक उघडून पाहिली, सगळी बरोबर निघाली. पण ती पाचशे नावं तिने नव्या प्रणालीच्याच यादीतून निवडली होती. जी माणसं आत आली होती त्यांनाच ती विचारत होती, सगळे आलात ना म्हणून. आधी किती होते आणि आता किती आहेत, एवढी साधी मोजणी तिने केली नव्हती.

आणि तीन आठवड्यांपूर्वी तिने दुसऱ्या एका कागदावर सही केली होती. 'जुनी यंत्रसामग्री जतन करण्याची आवश्यकता नाही.'

ती जवळजवळ धावतच संगणक विभागात गेली. तिथे दिनेश वाघेरे नावाचा तंत्रज्ञ होता, कंत्राटी, बोलायला फटकळ पण कामात पक्का. तिने त्याला आकडे दाखवले. त्याने नोंदी आणतानाचा जुना अहवाल उघडला आणि बराच वेळ खाली खाली जात राहिला.

"हे बघा मॅडम. बाहेरच्या केंद्रांचे फॉर्म त्या एकाच वर्षी मराठीत टाइप झाले होते, एका जुन्या फाँटमध्ये. तो फाँट आता कुठलाच संगणक ओळखत नाही. नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. आपल्या प्रोग्रॅमला वाटलं, ही नावं नाहीतच, कचरा आहे. त्याने त्या ओळी सोडून दिल्या."

"आणि कुणाला सांगितलं नाही?"

"इथे लिहिलंय ना, शेवटच्या पानावर. वगळलेल्या ओळी, तीन हजार एकशे बारा. कोणी वाचलं नाही. मीपण नाही."

"बॅकअप?"

"बॅकअप नव्या प्रणालीचा आहे. जे आत आलंच नाही, त्याची प्रत कुठून असणार?"

"मग जुना संगणक. परीक्षा विभागाचा सात नंबरचा."

दिनेशने तिच्याकडे पाहिलं नाही. "कालच गाडी भरून गेला, मॅडम. सातपूरला. भंगारवाला आपल्या समोर डिस्क काढतो, मग त्याच्याकडे नेऊन ड्रिलने भोकं पाडतो. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. नियमच आहे तसा."

तो नियमही सुरय्यानेच लिहिला होता.

*

उपकुलसचिव भिमाजी निकम मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"शेख मॅडम, पत्र एकच आलंय ना?"

"आज एकच आलंय, सर."

"मग उत्तर द्या, 'अभिलेख उपलब्ध नाही.' खोटं नाही त्यात काही. बाकीचे येतील तेव्हा बघू."

"उपलब्ध नाही म्हटलं की त्या बाईंची गुणपत्रिका बनावट ठरते, सर. आपली चूक आहे आणि चोर त्या ठरतील."

"आपली नाही, तुमची," निकम म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट खालीच आणला. "सही तुमची आहे. हे वर गेलं तर चौकशी लागेल. एकोणीस वर्षं झाली तुमच्या नोकरीला. कशाला स्वतःहून मान पुढे करता?"

सुरय्याला ते पटत नव्हतं असं नाही. खरं तर त्या क्षणी तिला ते फार पटलं. टेबलावर परत जावं, तीन शब्दांचं उत्तर टाइप करावं, घरी जाऊन मुलीचा अभ्यास घ्यावा. पण मग रोज सकाळी टपालात असंच पत्र शोधत बसायचं. आज पेठ, उद्या सुरगाणा, परवा आणखी कुठलं.

तिने तिथेच बसून टिपण लिहिलं. पडताळणी कशी केली, काय करायचं राहिलं, किती नोंदी वगळल्या गेल्या. शेवटी लिहिलं, 'सदर त्रुटी माझ्याकडून झाली आहे. नष्ट करण्यासाठी दिलेली यंत्रसामग्री तातडीने परत ताब्यात घेण्यास परवानगी मिळावी.'

निकमांनी ते सावकाश वाचलं. मग पेन उचलून परवानगीची सही केली.

"तारखेसोबत वेळही टाका," ते म्हणाले. "तुम्हाला किती वाजता कळलं आणि किती वाजता तुम्ही सांगितलं, हे पुढे कामाला येईल तुमच्या."

*

सातपूरला तिचा नवरा रियाज एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. त्याची पहिली पाळी साडेतीनला सुटायची. सुरय्या आणि दिनेश दिनेशच्या मोटारसायकलवर पोचले तेव्हा तो गेटबाहेर थांबला होता. भंगारवाल्याचा फोन लागत नव्हता, आणि गाळा नेमका कुठे आहे ते रियाजला माहीत होतं.

"क्या हुआ? चेहरा बघ तुझा," तो म्हणाला.

"आधी चल. चालता चालता सांगते."

पाळी सुटल्याने रस्ता माणसांनी भरला होता. त्यातून वाट काढत ते तिघं मागच्या गल्लीत शिरले. गाळा दिसायच्या आधी आवाज ऐकू आला. लोखंडात ड्रिल शिरतानाचा आवाज, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. सुरय्या ती शेवटची पन्नास पावलं पळाली.

"थांबवा! बंद करा ते!"

यंत्रावरच्या माणसाने दचकून हात काढला. आतून मालक आला. हुजैफाभाई म्हणून त्याला सगळे ओळखत. सुरय्याने पुढे केलेलं परवानगीचं पत्र त्याने वाचलं, पुन्हा वाचलं.

"मॅडम, सकाळपासून तेच चालू आहे. कायदेशीर काम आहे, तुमच्याच ऑफिसचं. तुम्हीच म्हणालात भोकं पाडा."

"हो, मीच म्हणाले. आता मीच सांगते, थांबा. सात नंबरच्या डिस्क कुठे आहेत?"

दोन क्रेट होते. एकात भोकं पाडलेल्या डिस्क, दुसऱ्यात उरलेल्या. दिनेशने सांगितलं की त्या संगणकात दोन डिस्क होत्या आणि दोन्हींवर एकच माहिती होती, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. म्हणजे एक जरी सापडली तरी पुरे. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक होता, पण कित्येकांवरचा पुसट झालेला.

तिघंही जमिनीवर बसले. सुरय्याने भोकं पाडलेला क्रेट स्वतःकडे ओढला. तिला तोच आधी बघायचा होता. एकेक डिस्क उचलून ती उजेडाकडे धरत होती. परीक्षा-३. वसतिगृह-१. परीक्षा-५. मग परीक्षा-७. मधोमध आरपार भोक, कडेला अजून गरम असलेला कीस.

"एक गेली," ती म्हणाली. तिने ती डिस्क बाजूला ठेवली.

रियाज दुसरा क्रेट एका बाजूने रिकामा करत होता. तळाशी पोचेपर्यंत त्याला दहा मिनिटं लागली असतील. त्या वेळात सुरय्याच्या मनात एकच चित्र येत राहिलं, शाळेच्या ऑफिसात उभी असलेली एक बाई आणि तिच्याकडे न बघता बोलणारे लोक. तिने आशा भोयेला कधी पाहिलंही नव्हतं.

"ये देख तो," रियाज म्हणाला.

परीक्षा-७. एक कोपरा दबलेला होता, ट्रकमधून फेकताना आपटला असावा. भोक नव्हतं.

दिनेशने ती दोन्ही हातांनी घेतली, कानाजवळ धरून हलकेच हलवली. "आत काही सुटलेलं वाटत नाही. पण चालेल की नाही ते लावल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि मॅडम, लावायची संधी कदाचित एकदाच मिळेल."

*

पुढचे दोन दिवस सुरय्या संगणक विभागातच बसून होती. दिनेश ती डिस्क थेट उघडत नव्हता. तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवत होता, तुकड्यातुकड्याने. मधूनच आतून टक् टक् असा आवाज येई, मग तो सगळं बंद करून डिस्क थंड होऊ देई. आशाचा रोज एक फोन येई. सुरय्या खरं तेच सांगे, अजून सापडली नाही, शोधतोय. गुरुवारी आशा म्हणाली, "मॅडम, तुम्ही फोन उचलता तरी. तेवढ्यानं बरं वाटतं." त्यानंतर सुरय्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली.

गुरुवारी दुपारी प्रत झाली, जेवढी होणार होती तेवढी. डिस्क त्यानंतर फिरायचीच थांबली. प्रतीत नुसते चौकोन होते. दिनेशने जुन्या फाँटचं कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता आधीच तयार केला होता. शुक्रवारी सकाळी त्याने तो चालवला. पडद्यावरचे चौकोन ओळीओळीने बदलत गेले. गावित, चौधरी, महाले, पवार. पेठ केंद्राच्या यादीत नवव्या ओळीवर भोये आशा काळू, द्वितीय श्रेणी. सुरय्याने झेरॉक्स शेजारी ठेवून सहाही विषयांचे गुण बोट ठेवून जुळवले. जुळले.

तिने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. मग लगेच सरळ बसली. "एकूण किती आल्या?"

या वेळी तिने मोजलं. दोन हजार नऊशे पंधरा. एकशे सत्त्याण्णव नोंदी डिस्कच्या खराब भागात होत्या, त्या वाचता आल्या नाहीत. दिनेश म्हणाला, आता येणारही नाहीत.

निकमांनी नवा अहवाल कुलसचिवांकडे पाठवला. संध्याकाळी सुरय्याच्या हातात ज्ञापन पडलं, सात दिवसांत खुलासा करावा म्हणून. चौकशी होणार होती. तिने पोच दिली आणि कागद पर्समध्ये ठेवला.

*

सोमवारी आशा स्वतः आली. पहाटेच्या एस.टी.ने निघाली होती, सोबत आई होती, कमळाबाई. आशा चाळिशीच्या आसपासची, बारीक, डोळे जागरणाने लाल. सुरय्याने पडताळणीचं पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते उभ्यानेच वाचलं आणि आईला म्हणाली, "झालं." कमळाबाई भिंतीला टेकून खालीच बसली. सुरय्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"एक सांगायचंय," सुरय्या म्हणाली. "तुमची नोंद हरवली ती माझ्यामुळे. मी नीट तपासलं नव्हतं. आठ दिवस तुम्हाला जो त्रास झाला तो माझ्या चुकीने झाला. मी माफी मागते."

आशा रागावलेली नव्हती, पण 'जाऊ द्या' असंही म्हणाली नाही. पत्राची घडी घालून तिने पिशवीत ठेवलं.

"एकट्या माझीच गेली होती का?"

"नाही. बऱ्याच होत्या. बहुतेक सापडल्या."

"बहुतेक," आशा म्हणाली. "आमच्या केंद्रावर त्या साली आम्ही चौदा जणी होतो. एकत्रच अभ्यास केलेला. बाकीच्या तेराजणींचं बघता का?"

सुरय्याने यादी उघडली. आशा नावं सांगत गेली, सुरय्या शोधत गेली. दहा सापडल्या. तीन नव्हत्या.

"त्यांना माहीत आहे का, आपलं नाव इथं नाही ते?"

"नाही. जाहीर नोटीस निघेल. ज्यांच्याकडे मूळ गुणपत्रिका आहे त्यांनी आणून दाखवायची, मग आम्ही नोंद पुन्हा करू."

"नोटीस कुठं वाचणार त्या? एक सिलवासाला कंपनीत आहे, एक द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे जाते." आशाने मोबाइल काढला, टेबलावरचा कागद ओढला आणि तिन्ही नावं आणि तीन नंबर लिहिले. "यातल्या एकीचं घर दोन वर्षांमागं जळलं. तिच्याकडे गुणपत्रिका आहे की नाय, मला सांगता येत नाय."

"मग तिचा काही दुसरा पुरावा शोधू," सुरय्या म्हणाली. कसा, ते तिला अजून माहीत नव्हतं.

आशा आणि कमळाबाई निघाल्या. जाताना कमळाबाईने मागे वळून हात जोडले, ते सुरय्याला फार अवघड वाटलं. मग ती खुर्चीवर बसली. ज्ञापनाला उत्तर लिहायचं होतं, त्याला अजून चार दिवस होते. तिने ते बाजूला सरकवलं, आशाच्या कागदावरचा पहिला नंबर लावला आणि कानाला धरून वाट पाहू लागली.

"हॅलो, कोण?" पलीकडून एका बाईचा आवाज आला. मागे यंत्रांची घरघर होती.

"मी विद्यापीठातून बोलतेय," सुरय्या म्हणाली. "घाबरू नका. तुमची बी.ए.ची गुणपत्रिका घरी नीट ठेवलेली आहे का?"