हिरवी साय धरलेलं धरण

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. ब्राझीलच्या कोरड्या माळरानात, आटलेल्या धरणाच्या भेगाळ चिखलात कलंडून पडले आहे. इकडे आता कोणी फिरकत नाही.

जुरांदिर कोळ्याने मला स्वतःच्या हाताने घडवलं. रोज पहाटे तो जाळं घेऊन निघे, आणि त्याचा कुत्रा शोदो माझ्या टोकावर ऐटीत बसे. मी काठाला लागले की बायका म्हणत, "चला गं, जुरांदिरची होडी आली, ताजे मासे घ्या!" मला धन्य वाटे.

एका उन्हाळ्यात मात्र वारा अगदीच पडला. वरचं पाणी तापलं, तळाचं गार राहिलं आणि दोन्ही एकमेकांत मिसळेनात. खाली हवा पोहोचेना. मासे वर येऊन तोंड वासू लागले. खरबुजाच्या मळ्यांतलं खत आणि गावाचं सांडपाणी धरणात उतरतच होतं. त्यावर पोसून पाण्याने हिरवी साय धरली.

पाणी तपासायला शहरातून एलेनिल्दा नावाची मुलगी आली. माझ्यात बसून तिने बाटल्या भरल्या.

"काका, हे शेवाळ विषारी दिसतंय. कोणी पिऊ नका. उकळूनही विष जात नाही."

"अगं पोरी, ह्याच पाण्यावर माझे केस पिकले!" जुरांदिर हसला. "तू नळाचं पितेस, म्हणून अशी काटकुळी!"

दुसऱ्या दिवशी शोदो काठावरचं पाणी प्यायला. त्याचे पाय लटपटले आणि माझ्याच सावलीत त्याने प्राण सोडला.

जुरांदिरने मला पाण्यात लोटलं आणि काठाकाठाने ओरडत सुटला, "पाणी पिऊ नका रे! शेळ्या बांधून ठेवा!"

"म्हाताऱ्याला ऊन लागलं वाटतं," पाण्याला आलेली क्लेमेन्सिया म्हणाली. नातवासाठी भरलेला घडा तिच्या कमरेवर होता.

"लागलं तर लागलं! आधी तो घडा ओत, बाई. माझा शोदो गेला गं..."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि घडा उपडा केला.

गावात टँकर आले. माणसं वाचली, पण मासेमारी बुडाली. जुरांदिर लेकीकडे शहरात निघाला. माझ्या काठावर हात ठेवून म्हणाला, "तुला कुठे नेऊ गं? तिथे पाणी नळातच असतं." तो गेला, आणि पुढे धरणही आटलं.

मित्रांनो, ऊन तापायचं थांबणार नाही. पण त्या हिरव्या सायीला खाऊ आपणच घालतो. तेवढा घालू नका. पाणी परत येईल की नाही, मला ठाऊक नाही. आलंच, तर माझ्या फळ्या तरंगतील की नाही, तेही ठाऊक नाही. मी नाही तरंगले तरी चालेल. ते पाणी कोणाला तरी ओंजळीने पिता यावं.